खुमार : एका डोकेदुखीचा इतिहास

उर्दूच्या तासाला गझल शिकवताना 'खुमार' हा शब्द आला की मी मुलांना अर्थ विचारतो. वर्गातून हमखास एकच उत्तर येतं, "सर, नशा." मुलांचा काही दोष नाही. मराठीत आपण 'खुमारी' म्हणतो तेव्हा गोड धुंदीच मनात येते. गाण्याची खुमारी, गोष्टीची खुमारी, गरम पुरणपोळीवरच्या तुपाची खुमारी. सिनेमाच्या गाण्यांनी तोच अर्थ आणखी पक्का केला. पण अरबीत आणि जुन्या फारसीत खुमार म्हणजे नशा नव्हे. रात्रीची नशा उतरल्यावर सकाळी डोकं ठणकतं, घसा कोरडा पडतो, उजेड सोसवत नाही, हात थरथरतात. त्या अवस्थेचं नाव खुमार. हल्ली ज्याला हँगओव्हर म्हणतात ते हेच.

हा अर्थ अरबी व्याकरणातच बसलेला आहे. अरबीत शब्दांचे ठरलेले साचे असतात आणि त्यातला 'फुआल' हा साचा बऱ्याचदा आजारांसाठी वापरला जातो. जुकाम म्हणजे सर्दी, सुआल म्हणजे खोकला, दुवार म्हणजे चक्कर, सुदाअ म्हणजे डोकेदुखी. खुमार त्याच साच्यातला. म्हणजे हा शब्द ज्यांनी घडवला त्यांनी त्याला सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसवलं होतं. तो पुढे शायरीत आला, मग गाण्यात, आणि येता येता आजाराचा मजा झाला.

त्याची बाकीची भावंडंही पाहण्यासारखी आहेत. खे, मीम, रे या तीन अक्षरांच्या मुळाचा एक अर्थ झाकणं. त्यातून खमर, म्हणजे मद्य. डोक्यावरची ओढणी ती खिमार, तीही याच मुळातली. अकलेला जे झाकतं ते खमर, अशी व्याख्या हजरत उमर यांच्या एका खुतब्यात आली आहे. आंबवण्याचं खमीर, खमिरी रोटी, हकीमसाहेबांच्या बाटलीतला खमीरा गावजबान, सगळे एकाच घरातले. शराब या शब्दाचा मूळ अर्थ नुसतं 'पेय'. शरबत त्याचाच भाऊ, आणि जुन्या अरबी औषधांच्या ग्रंथांत 'शराब' या मथळ्याखाली साधी औषधी सरबतं सापडतात. आपला मराठी 'दारू' तर याहून गमतीचा. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण 'दवादारू' म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ अजून जिवंत असतो. मराठीत त्याच शब्दाने पिण्याची दारूही आणली आणि बंदुकीचीही. या शेवटच्या दोन अर्थांकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे.

हा विषय एका मुसलमान मास्तराने का घ्यावा, असं काही वाचक विचारतील. आमच्याकडे दोन प्रकारची माणसं मला नेहमी भेटतात. एक म्हणतात, आपल्यात हे हराम आहे, तेव्हा आपल्यात हे नाहीच, विषय कशाला काढता? दुसरे हसत म्हणतात, तुमचे बादशहा तर बुडेपर्यंत पीत होते, मग कसला आलाय हराम! दोघांनाही जुनी पुस्तकं उघडायची नसतात. ती उघडली तर दिसतं की मुसलमानांच्या विद्येने या डोकेदुखीबद्दल मुळीच लाजलेपणा केलेला नाही. कुरआनात तिचा उल्लेख आहे, हकिमांनी तिचे नुस्खे लिहिले, स्वयंपाकाच्या पुस्तकात तिच्यासाठी कालवण सांगितलं. हराम ते हरामच राहिलं आणि आजारी माणसाला आजारीच म्हटलं गेलं. ही दोन वाक्यं एका दमात म्हणायची सवय आमची कधी सुटली कोण जाणे.

कुरआनापासूनच सुरुवात करतो. सूरह अल-वाकिआत जन्नतच्या नेमतींचं वर्णन आहे. तिथे वाहत्या झऱ्यातून भरलेले प्याले फिरवले जातील असं सांगून, एकोणिसाव्या आयतीत त्या पेयाचा खास गुण सांगितला आहे: त्याने पिणाऱ्यांचं डोकं दुखणार नाही आणि त्यांची शुद्धही जाणार नाही. त्यासाठी वापरलेलं क्रियापद 'सुदाअ'च्याच मुळातलं आहे. सूरह अस-साफ्फातमध्येही अशाच पेयाबद्दल सांगताना त्यात 'गौल' नसेल असं म्हटलंय. या शब्दाचा अर्थ कुणी डोकेदुखी असा लावला, कुणी पोटदुखी, कुणी अक्कल हिरावून नेणारी गोष्ट असा. या दोन्ही सूरह मक्केतल्या आहेत. मनाईचा शेवटचा हुकूम त्यानंतर, मदिनेत आला. म्हणजे ही आयत पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी कित्येकजण तेव्हा पीत होते आणि सकाळची डोकेदुखी त्यांना चांगली ठाऊक होती. ज्या माणसाने कधी घोट घेतला नाही त्याला 'डोकं दुखणार नाही' या आश्वासनाचं काय अप्रूप? मला ही आयत नेहमी फार माणसाळलेली वाटते. समोरच्याचं डोकं दुखतंय हे ती आधी ओळखते.

मनाईसुद्धा एका रात्रीत आली नाही. आधी सांगितलं गेलं की यात मोठा गुनाह आहे आणि लोकांना काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे. मग नशेत असताना नमाजच्या जवळ जाऊ नका असा हुकूम आला. आणि मग सूरह अल-माइदाची आयत, जिने दार कायमचं लावून घेतलं. मधला टप्पा मला शिक्षक म्हणून विशेष वाटतो. पाच वेळच्या नमाजमुळे दुपार, संध्याकाळ पिण्यासाठी आपोआप बंद झाली. काही तफसीरकार लिहितात की लोक मग इशानंतर पीत, म्हणजे फज्रपर्यंत शुद्धीवर येता येईल. विचार करा, ज्याने रात्री प्याला घेतला त्याची कसोटी पहाटेच्या अजानला लागत होती, नेमकी खुमाराच्या वेळेला. सवय सोडवायची कशी हे ज्याला कळतं त्याला या टप्प्याचं शहाणपण कळेल.

सगळ्यांना ते जमलं नाही. अल-आशा नावाचा त्या काळचा मोठा अरब कवी होता; त्याच्या मद्यावरच्या कविता प्रसिद्ध आहेत. सीरतच्या पुस्तकात एक किस्सा येतो. तो इस्लाम कबूल करायला निघाला होता. वाटेत कुरैशांपैकी कुणी त्याला म्हणालं, अरे, पण तिकडे दारू बंद आहे. आशा थबकला. मनात अजून थोडी हौस शिल्लक आहे, म्हणाला, हे एक वर्ष पिऊन घेतो आणि मग येतो. तो घरी परतला आणि त्याच वर्षी वारला. हे 'एक वर्ष' ध्यानात ठेवा.

पुढे अब्बासी काळात बगदाद मोठं झालं आणि तिथे सगळ्या धर्मांचे हकीम एका गावात काम करू लागले. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने 'किताब अत-तबीख' हे स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. त्यात खलिफांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती आहेत आणि जेवणाचे, हात धुण्याचे, मैफलीत बसण्याचे अदबही आहेत. त्यातच 'किश्किया' नावाचं कालवण खुमारावर गुणकारी म्हणून सांगितलंय. दही आणि गहू आंबवून, वाळवून ठेवलेला पदार्थ म्हणजे किश्क. मांस, हरभरे, कांदा, भाज्या शिजवून त्यात हा किश्क घालायचा. आंबटसर दाट रस्सा होतो. आणि जेवणाआधी थंड पाणी प्यायचं, पण घटाघटा नाही. घोट घ्यायचा, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा घोट. हे वाचताना मला आमच्या घरातली आंबट कढी आणि खिचडी आठवते. पोट बिघडलं, डोकं जड झालं की आमच्याकडेही आधी आंबटच समोर येतं.

इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये याहून पुढे जाऊन आधीचीच तजवीज सांगितली. पांढऱ्या कोबीचा रस एक भाग, आंबट डाळिंबाचा रस एक भाग, सिरका अर्धा भाग, हे उकळून पिण्याच्या आधी घ्यावं. कोबी हा काही त्याचा शोध नव्हे. त्याच्या हजार वर्षं आधी रोमच्या केटोने शेतीवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की मेजवानीत भरपूर प्यायचं असेल तर आधी सिरक्यात बुडवून कच्चा कोबी खावा. ग्रीकांकडेही हीच समजूत होती. ग्रीकांचं वैद्यक अरबीत आलं तेव्हा कोबीही बरोबर आला. त्यांच्या हिशोबाने मद्याची उष्ण वाफ पोटातून डोक्यात चढते आणि तिथे कोंडते, म्हणून डोकं दुखतं. मग उतारा थंड आणि आंबट हवा. डाळिंब, सिरका, सिकंजबीन, कपाळावर गुलाबपाणी आणि चंदन. आमच्या भागातल्या जुन्या युनानी दवाखान्यांत उष्णतेच्या डोकेदुखीला अजूनही साधारण हेच सांगतात.

अकराव्या शतकातला इब्न बुतलान हा बगदादचा ख्रिस्ती हकीम. त्याने तर 'तक्वीम अस-सिह्हा'मध्ये तक्तेच आखले: पदार्थ कोणता, त्याची प्रकृती काय, फायदा काय, अपाय काय, आणि अपाय दूर कसा करायचा. त्याच्याही आधी अल-राजीने अन्नाचे फायदे आणि त्यांचे अपाय टाळण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. एवढं सगळं लिहिण्याचं कारण उघड आहे. त्यांच्या दारात येणाऱ्यांत ख्रिस्ती होते, यहुदी होते, आणि मुसलमानही होते. खजुराच्या नबीजबद्दल तर सुरुवातीच्या फकीहांतही मतभेद होते. इमाम अबू हनीफांचं मत वेगळं होतं आणि पुढे हनफी फतवा इमाम मुहम्मद यांच्या कडक मतावर स्थिरावला. खुद्द इब्न सीना आपल्या आत्मकथेत सांगतो की रात्री वाचताना झोप येऊ लागली की तो एक प्याला घेई आणि पुन्हा पुस्तकाकडे वळे. मी त्याचं समर्थन करत नाही. त्याने ते लपवलं नाही, एवढंच नोंदवतो.

हे नुस्खे खरोखर चालतात का? आजचं विज्ञान सांगतं की अल्कोहोल शरीरातलं पाणी राखणाऱ्या हार्मोनला दाबतं, म्हणून लघवी वाढते आणि शरीर कोरडं पडतं. यकृतात त्याचं असिटाल्डिहाइड होतं, ते विषारी. झोपही अर्धवट लागते. म्हणजे वर्राकचं घोट घोट पाणी आणि खारट-आंबट रस्सा अगदीच वाया जात नसणार. पण दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी हटवणारं खात्रीचं औषध आजही सिद्ध झालेलं नाही. सकाळी पुन्हा एक पेग मारणं, ज्याला आपल्याकडे 'उतारा' म्हणतात, तो तर दुखणं पुढे ढकलतो आणि सवय घट्ट करतो. अबू नुवास या कवीने हाच उतारा आपल्या कवितेत मिरवला, आणि पुढच्या शायरांनी त्याचा कित्ता गिरवला. गंमत अशी की उर्दूत मद्यावर ज्याची शायरी सर्वात गाजली त्या रियाज खैराबादी यांनी आयुष्यात कधी थेंबही घेतला नाही असं सांगतात. अल्कोहोल हा शब्ददेखील अरबी 'अल-कुहल', म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक भुकटीवरून अर्क, अर्कावरून मद्यार्क असा तो युरोपात सरकत गेला. यावरून 'अल्कोहोलचा शोध मुसलमानांनी लावला' असे अभिमानाचे मेसेज फिरतात. ज्यांना खुमार हा शब्द उच्चारायची लाज वाटते तेच ते पुढे पाठवतात.

ही लाज कुठे जाऊन पोहोचते ते शाळेत कळतं. एक हुशार मुलगा दर आठवड्याला पहिल्या तासाला गैरहजर असायचा. चिठ्ठी आणायचा, 'अब्बांच्या डोक्यात दर्द होता.' वर्षभर एकच चिठ्ठी. शेवटी त्याची अम्मी शाळेत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, उनका सर दुखता, सुबा उठतेच नै. दुकान इसको खोलना पडता." मी काही बोललो नाही, तीही पुढे बोलली नाही. मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याला डॉक्टरकडे नेलं नव्हतं, कारण डॉक्टरला काय सांगायचं? डोकं दुखतं हेच सांगितलं असतं, आणि त्याने डोकेदुखीची गोळी दिली असती.

आता बादशहांकडे येतो, कारण त्यांनी निदान लिहून ठेवलं. बाबरने तिशीपर्यंत दारूला हात लावला नव्हता. पुढे मात्र त्याच्या 'बाबरनामा'त मैफलींवर मैफली येतात. १५१९ मध्ये झेलमच्या काठी भेऱ्याला त्याने नावेत दिवसभर पिऊन रात्री मशाली हातात घेऊन छावणीपर्यंत घोडा फेकला. दुसऱ्या दिवशी लोकांनी सांगितलं तेव्हा त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं; फक्त तंबूत पोचल्यावर भरपूर उलट्या झाल्याचं त्याने नोंदवलं आहे. बादशहाने स्वतःच्या उलट्या स्वतःच्या पुस्तकात लिहाव्यात, हे मला त्याच्या लढायांपेक्षा धाडसाचं वाटतं. चाळिशीत सोडायची असं त्याने ठरवलं होतं. म्हणून चाळिशीला वर्षभर कमी असताना तो आणखी जोरात पिऊ लागला, आणि तेही त्याने लिहिलंय. अल-आशाचं 'एक वर्ष' ते हेच.

चाळिशी आली आणि गेली. सोडली ती २५ फेब्रुवारी १५२७ रोजी, राणा सांगाशी खानव्याला गाठ पडण्याआधी. सोन्या-चांदीचे प्याले फोडून गरिबांत वाटले, दारू जमिनीवर ओतली, आणि गझनीहून उंटांवर लादून आलेल्या दारूत मीठ टाकलं, म्हणजे तिचा सिरका होईल. शाळेच्या पुस्तकांत गोष्ट इथेच संपते. बाबरने मात्र पुढचंही लिहिलं. १५२९ मध्ये त्याने काबूलला ख्वाजा कलान या जुन्या मित्राला पत्र पाठवलं, त्यात कबूल केलं की गेली दोन वर्षं मैफलींची इतकी ओढ लागायची की रडू यायच्या बेतात असायचो. आता या वर्षी कुठे ती गेली. तौबा एका दिवसाची असते, पण शरीराला दोन वर्षं लागली. नशामुक्तीच्या कामातली माणसं हे वाचून लगेच मान डोलावतील.

पणतू जहांगीरची गोष्ट अधिक कठीण आहे. लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून त्याला गुलाबपाण्यात थोडा अर्क दिला जाई. दारूचा फारसी अर्थ तो हा. अठराव्या वर्षी अटकेजवळ शिकारीत थकल्यावर एका तोफचीने सुचवलं की प्यालाभर घ्या, शीण जाईल. आणला कुठून? हकीम अलीच्या घरून. पिवळसर, गोड, दीड प्याला. पुढे द्राक्षाची दारू चढेना म्हणून दोनदा गाळलेला अर्क सुरू झाला, आणि काही वर्षांत दिवसाला वीस प्याले, चौदा दिवसा आणि बाकीचे रात्री. सकाळच्या खुमारात हात इतके थरथरत की प्याला धरता येत नसे. दुसरे लोक तोंडाला लावून पाजत. हे सगळं त्याच्याच 'तुजुक'मध्ये आहे.

मग त्याने हकीम हुमामला बोलावलं. हुमाम अकबराच्या दरबारातला मोठा माणूस, हकीम अबुल फतह गिलानीचा भाऊ. समोर रुग्ण कोण, तर गादीचा वारस. हुमामने वाज केला नाही, जहन्नमची भीती घातली नाही, कोबीचा रसही लिहून दिला नाही. एवढंच सांगितलं की असंच चालू राहिलं तर सहा महिन्यांनी इलाज माझ्या हातात राहणार नाही. जहांगीर लिहितो की त्या दिवसापासून त्याने कमी करायला घेतली, अर्कात द्राक्षाची दारू मिसळून तो पातळ केला, आणि सात वर्षांत सहा प्याल्यांवर आला. पूर्ण सोडली नाही, अफूही घेत राहिला. १६०५ मध्ये तख्तावर बसताच त्याने जे बारा हुकूम काढले त्यात दारू गाळण्या-विकण्याला बंदी होती, आणि तिथेच मी स्वतः पितो असंही त्याने लिहून टाकलं. आदर्श वगैरे नाहीच. पण ज्या तिघा भावांनी हे व्यसन जडवून घेतलं त्यांत पन्नाशी एकट्यानेच पाहिली.

बाकीचे दोघे आपल्या मुलखात गेले. शहजादा मुराद दख्खनच्या मोहिमेवर होता. वऱ्हाडात बाळापूरजवळ त्याने शाहपूर वसवलं आणि मे १५९९ मध्ये जालन्याच्या बाजूला, पूर्णेच्या काठी, तिशी गाठण्याआधीच दारूने संपला. त्याच्या जागी धाकटा दानियाल आला. त्याने बुऱ्हाणपुरात तेच सुरू केलं. अकबराने आग्र्याहून फर्मानं पाठवली आणि सासरे अब्दुल रहीम खानखानान यांनी पहारे बसवले. दारात येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर होती, पण दानियाल नोकरांपुढे रडायचा, गयावया करायचा. त्याला शिकारीची आणि बंदुकांची हौस होती. शेवटी त्याच्याच एका तोफचीने त्याच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेला अर्क भरून आत नेला. ज्या नळीत एक दारू ठासायची तिच्यात दुसरी ओतली. आतला गंज आणि जुन्या बारुदीची राख त्यात विरघळली. दानियाल ते प्यायला, अंथरुणाला खिळला आणि १६०५ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेला.

त्या बंदुकीचं नाव त्यानेच ठेवलेलं होतं, 'यका ओ जनाजा'. जिची गोळी लागली की सरळ जनाजाच, असा त्याचा अर्थ.